यतिभंग ऐकू येण्यासाठी : विज्ञानकथेतील भौतिकी आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षेने विज्ञानकथेला कधी नाकारले नाही. नाकारण्यासाठी आधी वाचावे लागते. तिने एक वाटणी मात्र करून घेतली आहे. कथेतील विज्ञान वैज्ञानिकांनी तपासावे आणि उरलेली कथा आम्ही तपासू, अशी ही वाटणी. त्यानुसार संग्रहाच्या प्रारंभी एखादे नामवंत शास्त्रज्ञ 'यातील विज्ञान बिनचूक आहे' असा निर्वाळा देतात. समीक्षक मग पात्रचित्रण, निवेदन, वातावरणनिर्मिती ही ठरलेली खाती उघडतो, पात्रे सपाट आढळल्याची नोंद करतो आणि 'मराठी साहित्यात एक नवे दालन उघडले' असे म्हणून त्या दालनाचे दार बाहेरून लोटून घेतो. पदव्युत्तर वर्गात 'विज्ञानकथेतील विज्ञान व कल्पनारम्यता यांचे प्रमाण' हा प्रश्न आपण शिकवतो, विचारतो आणि त्याची उत्तरे तपासतोही. जणू विज्ञान ही चहात घालायची साखर असून किती चमचे पडली एवढेच पाहायचे असते.

ही वाटणी मुळातच अवाङ्मयीन आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. सर्वच विज्ञानकथा भौतिकीवर उभ्या नसतात, हे मान्य. जयंत नारळीकरांचीच 'पुत्रवती भव' ही कथा अपत्याच्या लिंगनिवडीच्या प्रश्नाभोवती फिरते आणि तेथे समाजशास्त्र अधिक उपयोगी पडेल. परंतु जी कथा अवकाश, काल, ऊर्जा किंवा कण यांविषयीच्या एखाद्या नियमावर आपला डोलारा उभारते, त्या कथेत तो नियम रूपाचा घटक असतो. छंदोबद्ध कवितेत वृत्ताचे जे स्थान, तेच अशा कथेत नियमाचे. वृत्त कवीला अडवते. मनात आलेला शब्द त्याला घेऊ देत नाही, आणि त्या अडवणुकीतूनच पुष्कळदा अधिक चांगला शब्द हाती लागतो. कवी कधी वृत्त मोडतोही. पण शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती येते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला यतिभंग ऐकू येत नाही. तो कवितेच्या आशयावर पानेच्या पाने लिहू शकेल, परंतु ती कविता त्याने ऐकलेली नसते. आपली विज्ञानकथेची समीक्षा ही अशी वृत्त न ऐकता लिहिलेली समीक्षा आहे.

यात गंमत अशी की, समीक्षेच्या परिभाषेत भौतिकी आपण केव्हाच आणली आहे. बाख्तिनची 'क्रोनोटोप' ही संज्ञा आपल्याकडे कालावकाश, स्थलकालबंध अशा नावांनी रूढ आहे. ग्रामीण कादंबरीतील वाडा, दलित आत्मकथनातील वेस, महानगरी कथेतील चाळ या सर्वांना आपण ती लावली. बाख्तिनने १९३७-३८ मधील आपल्या निबंधात ही संज्ञा सापेक्षतावादाशी संबंधित असून आपण ती साहित्यात जवळजवळ रूपक म्हणून घेत आहोत, असे प्रारंभीच सांगून टाकले होते. म्हणजे सापेक्षतावाद रूपक म्हणून आला तेव्हा आपण त्याला पाट मांडला, आणि तोच वाच्यार्थाने एका मराठी कथेत आला तेव्हा मात्र 'हा आमचा प्रांत नव्हे' असे म्हणून उठून गेलो.

ती कथा म्हणजे 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने दाखल झाली आणि पहिली आली. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने ठेवून हे टोपणनाव तयार झाले होते. नामवंताच्या नावाचे वजन पडू नये म्हणून घेतलेली ही खबरदारी होती. पुढे समीक्षेने ते वजनच तेवढे मोजले, हा भाग वेगळा. कृष्णविवराच्या सान्निध्यात काळ मंदावतो, ही या विषयाची भौतिक बैठक. ती आपण 'अद्भुत कल्पना' म्हणून वाचतो. वस्तुतः तिच्यात अद्भुत असे फार थोडे आणि हिशेबाचे पुष्कळ आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजत्रिज्येच्या केवळ एक टक्का बाहेर एखादे घड्याळ अधांतरी रोखून धरले, तर त्याच्या एका तासात दूरच्या निरीक्षकाचे सुमारे दहा तास जातात. पण तेथे रोखून धरायचे म्हणजे यानाला अखंड आणि प्रचंड रेटा द्यावा लागणार. इंधन न जाळता नुसते प्रदक्षिणा घालीत राहायचे असेल, तर सर्वांत आतली स्थिर कक्षा क्षितिजत्रिज्येच्या तिपटीवर असते, आणि तेथे एका तासाचे जेमतेम १.४१ तास होतात. शिवाय विवर लहान असेल तर पायांवरील ओढ आणि डोक्यावरील ओढ यांतील फरकानेच प्रवासी फाटून जाईल. म्हणून विवर थोरले निवडावे लागते. 'इंटरस्टेलर' (२०१४) या चित्रपटात एका तासाची सात वर्षे करायची होती, तेव्हा किप थॉर्न यांना जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरणारे महाकाय विवर कल्पावे लागले. लेखकाला काळाची जेवढी दरी हवी तेवढी किंमत नियम त्याच्याकडून वसूल करतो. विरहाची लांबी, परतलेल्याचे तारुण्य, घरी थांबलेल्यांचे वार्धक्य हे सगळे या किमतीतून ठरते. कथानकाची मात्रा येथे मोजली जाते, आणि आपण म्हणतो की पात्रे सपाट आहेत.

हे ऐकू न येण्याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, तेथे क्षणभर गंधर्वांचे गायन ऐकत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. मोठी सुंदर कथा आहे ती. पण 'सापेक्षतावाद आमच्याकडे आधीच होता' याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते तेव्हा मराठीचा प्राध्यापक काय उत्तर देतो? बहुधा तो गप्प बसतो, किंवा श्रद्धेचा विषय म्हणून सोडून देतो. वस्तुतः उत्तर त्याच्याच अखत्यारीतले आहे आणि ते प्रकारभेदाचे आहे. पुराणकथेतील कालभेद हा लोकभेद आहे: ब्रह्मलोकाचा काळ वेगळा, कारण ब्रह्मदेवाचा दर्जा वेगळा. प्रवासाची वाट, वेग, वस्तुमान यांचा त्या भेदाशी काहीही मोजता येण्याजोगा संबंध नाही, आणि त्या कथेला तो नकोही आहे. विज्ञानकथेत संबंध हाच प्राण असतो. ज्याला हा संबंध वाचता येत नाही, त्याला रेवती आणि 'कृष्णविवर' एकाच जातीच्या वाटणार. आणि मग एक म्हणजे दुसरीचे प्राचीन रूप, असे म्हणण्यास कोणाला अटकाव राहत नाही.

अशा गोंधळाचे आपल्या दाराशी घडलेले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची हकीकत महाराष्ट्रात दीर्घकाळ फिरते आहे, यद्यपि तिला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाशी ही हकीकत जोडली जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये, म्हणजे 'कृष्णविवर' आली त्याच वर्षी, या ग्रंथाची छाननी प्रसिद्ध केली. ग्रंथ १९०४ च्या पलीकडे जात नाही आणि त्यात वर्णिलेले एकही विमान उडण्याच्या योग्यतेचे नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्यावेळी निषेध केला तो वैज्ञानिकांनी. साहित्याचे अभ्यासक मूक होते. वास्तविक 'वैमानिकशास्त्रा'ची भाषा, त्याची अधिकारवाणी, नियमाची अडवणूक कोठेही न जाणवणारी त्याची वर्णने, यांचे विश्लेषण करणे हे संहितावाचनाचे काम होते. पण 'विज्ञान आमचा विषय नव्हे' असे एकदा जाहीर केल्यावर छद्मविज्ञानही आपला विषय उरत नाही.

आता ज्या कथेविषयी विस्ताराने लिहावे असे वाटते, तिच्याकडे वळतो. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर भलत्याच भारतात जाऊन पोहोचतात. तेथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत, ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणी आक्रसून राहिली आहे. नगरभवनातील ग्रंथालयात बसून पंत इतिहास कोठे वळला याचा शोध घेतात: १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांना लागलेली नाही, चाटून गेली आहे. आझाद मैदानावरील सभेच्या गोंधळातून ते आपल्या जगात परततात आणि राजेंद्र देशपांडे हा मित्र त्यांना घडल्या प्रकाराचा अर्थ सांगतो. कॅटास्ट्रॉफी सिद्धांत आणि पुंजवादातील अनिश्चितता हे त्याच्या स्पष्टीकरणाचे दोन आधार.

हे स्पष्टीकरण म्हणजे कथेला शेवटी जोडलेले ठिगळ, असे कथेविषयी नेहमी म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाला ते तसे वाटत नाही. प्रथम प्रश्न असा, की दोन सिद्धांत का? एक पुरला नसता काय? येथे थोडे गणित करावे लागते. पंचवीस ग्रॅमची गोळी सेकंदाला चारशे मीटर वेगाने जात असेल, तर तिची द ब्रॉयली तरंगलांबी अणुकेंद्रकाच्या व्यासाला एकावर एकोणीस शून्ये असलेल्या संख्येने भागावे तेवढी भरते. म्हणजे इलेक्ट्रॉनप्रमाणे गोळी 'येथेही आणि तेथेही' असण्याची शक्यता व्यवहारतः शून्य. पुंजवाद एकटा विश्वासरावांना वाचवू शकत नाही. उलटपक्षी रने तोम यांचा कॅटास्ट्रॉफी सिद्धांत नियत गणिताचा सिद्धांत आहे. कारणे हळूहळू बदलत गेली तरी परिणाम एखाद्या बिंदूपाशी एकदम उडी कशी मारतो, हे तो सांगतो, पण दोन्ही उड्या घडल्या असे तो म्हणत नाही. एकाजवळ पर्याय आहेत पण आकार नाही. दुसऱ्याजवळ आकार आहे पण पर्याय नाही. सूक्ष्मातील पर्याय रणांगणाएवढा मोठा व्हावा यासाठी कथेला दोघांची सांगड घालणे भाग पडले. आणि सूक्ष्म कोठवर मोठे होते हाच तर इतिहासमीमांसेचा जुना प्रश्न आहे: एका माणसाच्या असण्या-नसण्याने इतिहास बदलतो काय? विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीत पराभव शोकात्म अटळतेच्या अंगाने येतो. नारळीकरांच्या कथेत तोच पराभव निव्वळ एक फाटा होतो. एकाच घटनेविषयीच्या या दोन दृष्टी शेजारी ठेवून आपण शिकवत नाही, याचे कारण दुसरी दृष्टी ज्या भाषेत मांडली आहे ती भाषा आपण वैज्ञानिकांच्या खात्यात टाकली.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा. पंतांच्या खिशात त्या जगातून एक वस्तू आली आहे: ग्रंथालयात वाचता वाचता अनवधानाने खिशात घातलेल्या 'भाऊसाहेबांच्या बखरी'चे फाटके पान. गोळी चाटून गेल्याचे त्यावर छापलेले आहे. राजेंद्राला पटवणारा पुरावा तो हाच. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या ज्या बहुविश्वकल्पनेशी ही कथा नाते सांगते, तिच्यात नेमके हेच घडू शकत नाही. पुंजयामिकीचे समीकरण रेषीय आहे. फुटलेल्या शाखा त्यानंतर एकमेकींना खबर देत नाहीत. १९८९ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी समीकरणात अरेषीय पद घालून पाहिले, तेव्हा जोसेफ पोल्चिन्स्की यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की असे पद खरोखर असेल तर शाखाशाखांत संदेश धाडता येतील. त्याला 'एव्हरेट फोन' असे नाव पडले. प्रयोगांत तसे पद आढळले नाही. तात्पर्य, पंत बदलून येतील, त्यांना भास होईल, त्यांचा स्वभाव पालटेल. पण कागद येणार नाही.

शास्त्रज्ञ प्रस्तावनाकार येथे 'लेखकाने घेतलेले स्वातंत्र्य' असे लिहून पुढे जाईल. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे, कारण हा यतिभंग आहे. खगोलभौतिकीत आयुष्य घालवलेल्या लेखकाने नियम मोडला तो अगदी एकाच ठिकाणी, आणि तो मोडून आणले काय? इतिहासकाराचे साधन. पंत इतिहासकार आहेत. कागदावाचून त्यांचे चालत नाही. अनुभव आला, स्मरण आहे, पण कागद नसेल तर ते सारे दंतकथेत जमा होणार. भौतिकी जे नाकारते ते इतिहासशास्त्राच्या हट्टापायी कथेने दिले आहे. आणि कागद कसला, तर बखरीचा! वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या १८९८ च्या पहिल्या खंडात पानिपतकालीन पत्रे छापली, आणि प्रस्तावनेत अस्सल पत्रांपुढे बखरींची विश्वसनीयता किती तोकडी ठरते हे निर्दयपणे दाखवले. ज्या साधनाला राजवाड्यांच्या कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहता येत नव्हते, ते साधन येथे दोन विश्वांमधील एकमेव साक्षीदार आहे. म्हणजे कथेने एकाच पानावर दोन शास्त्रांचे नियम मोडले आहेत. हे लेखकाने जाणून केले की नाही हा प्रश्न गौण आहे. संहितेत ते आहे. पण पहिला भंग ऐकू आल्याखेरीज दुसऱ्याकडे लक्ष जात नाही.

या कथेतील पेशव्यांबद्दलही एक सांगितले पाहिजे. जिंकलेल्या मराठी सत्तेने युरोपात उगवत असलेले तंत्रयुग ओळखले आणि आपली विज्ञानकेंद्रे उभारली, असे त्या दुसऱ्या इतिहासात घडलेले आहे. वसाहतीच्या मार्गाने न येता विज्ञान येथे आले असते तर, असा हा प्रश्न आहे. देशीवादी समीक्षेने विज्ञानकथेला 'परभृत' ठरवून टाकले, त्यामुळे तिला स्वतःच्या भूमिकेचा याहून चांगला पूर्वपक्ष मराठीत सापडला असता, हे तिच्या ध्यानात आले नाही. हीच कथा इंग्रजीतून 'द अॅडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली. मराठी विभागांत तिच्यावर जेवढे बोलले गेले, त्याहून अधिक देशभरच्या इंग्रजीच्या तासांना बोलले गेले असेल. २०२१ च्या नाशिक साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा शोकही व्यक्त केला. दोन्ही प्रसंगी लिहिले गेले ते बहुतांशी शास्त्रज्ञाविषयी.

परभृततेचा आक्षेप आमच्या सेवाग्राम-वर्धा परिसरात वेगळ्या आवाजात ऐकू येतो. चरख्याच्या गावात कृष्णविवराचे काय काम, असा तो आवाज. येथील एका चर्चासत्रात तो टाळ्यांसह ऐकण्याचा योग आला. त्यात सेवाग्राम म्हणजे यंत्राला विरोध आणि यंत्राला विरोध म्हणजे विज्ञानाला विरोध, अशी दोन पायऱ्यांची उडी आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच्या सात वर्षे आधी, १९२९ मध्ये, चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या जाहीरनाम्यातील अटी साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके, उचलून नेण्याजोगे असावे. हाताने किंवा पायाने, साध्या खेडुताच्या घरात चालावे. एका स्त्रीला फारसे न थकता आठ तास चालवता यावे. तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरचे सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. वीस वर्षे टिकावे. अस्तित्वात नसलेले यंत्र, आणि त्याला चहूबाजूंनी घातलेले भौतिक नियमांचे कुंपण: माणसाच्या स्नायूंची शक्ती, सुताची ताकद, लोखंडालाकडाचे वजन. डार्को सुविन विज्ञानकथेच्या केंद्रस्थानी जो 'नोव्हम', म्हणजे बुद्धीला पटणारा नवा पदार्थ, असावा लागतो असे म्हणतो, तो याहून निराळा काय असतो? किर्लोस्करवाडीहूनही त्यासाठी एक यंत्र आले होते. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही.

म्हणून सेवाग्रामातून विज्ञानकथेला विरोध निघत नाही, तिच्या वाचनाची एक कसोटी निघते. जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत काम करीत होते. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' (१९४५) मध्ये त्यांनी साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद केला. कोळसा, तेल हा साठा. ऊन, पाणी, वनस्पती हा प्रवाह. शक्ती आली कोठून आणि संपल्यावर काय, हा त्यामागचा प्रश्न. तो आपल्या विज्ञानकथांना विचारून पाहावा. कित्येक मराठी कथांत नायक एका परिच्छेदात पुण्याहून निघतो आणि दुसऱ्यात ताऱ्यापाशी उतरतो. एक टन वजनाचे यान प्रकाशाच्या एकदशांश वेगाला न्यायचे, तर काहीही वाया न जाता सुमारे साडेबारा हजार कोटी युनिट वीज लागेल, आणि थांबण्यासाठी पुन्हा तेवढीच. धडधाकट माणूस आठ तास सतत राबला तर अर्धा-पाऊण युनिट काम करतो. त्या मापाने हे वीस हजार कोटी दिवसांचे श्रम झाले. लेखकाने ते कोठून आणले हे सांगितलेच पाहिजे असे नाही. कवी यती मोडतो तसे तोही मोडू शकतो. पण दोन परिच्छेदांमधील त्या कोऱ्या जागेत काय दडले आहे, ते कोणाच्या नावावर पडले आणि कथेतील कोणते पात्र ते भरून देत आहे, हे समीक्षकाने विचारायला हवे. त्यासाठी भौतिकीची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेले गतिज ऊर्जेचे सूत्र पुरते.